दऱ्या आणि दर्या

राजीव गांधी आयटी पार्क माणच्या शिवारापर्यंत पसरले. तिथेच नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने आमच्या सर्जनशील लेखनाच्या वर्गासाठी छोटे वेब अ‍ॅप्लिकेशन उभारून दिले. चाचणी माझ्याकडे होती. एका मुलीच्या कवितेतील सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ पडद्यावर ‘दर्या’ म्हणून उमटल्या. युनिकोडमध्ये हे जोडाक्षर नुक्ता असलेला ‘ऱ’ (०९३१), हलन्त आणि ‘य’ असे जुळवावे लागते. आमच्या लिप्यंतराच्या तक्त्यात ते नव्हतेच. (‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील फरक वर्गात वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या माझ्याही ते आधी ध्यानात आले नाही!) तक्ता त्याच संध्याकाळी दुरुस्त झाला. पण चूक आपलीच समजून मुलीने तोवर शब्दच बदलला होता. तिच्या कवितेत अजून ‘खोरी’च आहेत.