एका ठिपक्यासाठी अख्खा देश

"का जी सर, तुमची मशीन पाऊस मोजून रायली का पाडून रायली?"

कुरखेड्यातल्या एका बैठकीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला हे विचारलं, तेव्हा लॅपटॉपच्या पडद्यावर चक्र फिरायला लागून पाऊण तास झाला होता. मूळ प्रश्न त्यांचाच होता. रोवणी उरकली की पाऊस दडी मारतो, ती दडी पूर्वीपेक्षा लांबली आहे का? धानाच्या मुलखात याहून जिव्हाळ्याचा प्रश्न नाही. बांधीतलं पाणी आटलं आणि मामा (माजी मालगुजारी) तलावही भरलेला नसला, की पुढचा सगळा हंगाम आभाळाकडे बघण्यात जातो.

पावसाच्या आकड्यांचं विश्लेषण हे माझं काम. उत्तर माझ्याजवळच्या डिस्कमध्ये होतं. फक्त ते बाहेर येईना. त्या दिवशी ते आलंच नाही. दीड तासाने सॉफ्टवेअरने मेमरी संपल्याचं सांगितलं आणि मी लोकांसमोर ओशाळून लॅपटॉप मिटला.

या ओशाळण्याचं कारण समजून घ्यायचं तर डिस्कमध्ये काय होतं ते सांगायला हवं. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाने देशाच्या रोजच्या पावसाची एक जाळी तयार केली आहे. नकाशावर पाव-पाव अंशाच्या अंतराने रेघा मारायच्या आणि त्या जिथे छेदतात त्या प्रत्येक ठिपक्याला त्या दिवसाचा पाऊस नेमून द्यायचा. ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून १९०१ ते २०१० अशी ११० वर्षांची जाळी विणून झाल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं, आणि पुढची वर्षं तिला जोडली जात राहिली. पूर्व-पश्चिम १३५ ठिपके, दक्षिण-उत्तर १२९, म्हणजे दिवसाला १७,४१५ आकडे. त्यातले भारताच्या जमिनीवर पडणारे सुमारे पाच हजार. बाकी समुद्र, तिबेट वगैरे. तिथे पावसाऐवजी उणे ९९९ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 'इथे नोंद नाही', एवढाच.

१९०१ ते २०२० या १२० वर्षांचे दिवस होतात ४३,८३०. गुणाकार केला की आकडे भरतात ७६ कोटींहून जास्त. विभागाच्या मूळ फायलीत प्रत्येक आकडा चार बाइटमध्ये, यंत्राच्या स्वतःच्या भाषेत बसवलेला असतो. त्यामुळे सगळं मिळून जेमतेम तीन जीबी होतं. पण माझ्या हाती आलेली फाइल मूळची नव्हती. एका अभ्यासगटातल्या कुणीतरी 'सोयीसाठी' तिची सीएसव्ही करून दिली होती, म्हणजे साधा मजकूर आणि मध्ये स्वल्पविराम. प्रत्येक आकड्यासाठी एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत तारीख, अक्षांश, रेखांश पुन्हा पुन्हा. तीन जीबीचे बावीसच्या घरात गेले.

तरी नुसत्या आकारामुळे माणूस पाऊण तास ताटकळत नाही. खरा वेळ जातो वाचण्यात. मजकुरात '११२.४' लिहिलेलं असतं, ते यंत्राच्या लेखी आकडा नसून पाच खुणा असतात. पहिला एक घ्या, त्याला दहाने गुणून पुढचा एक मिळवा, पुन्हा दहाने गुणून दोन मिळवा, टिंब आलं की पुढचा चार दशांश धरा, स्वल्पविराम आला की थांबा. ही पहिलीतली अंकओळख प्रत्येक ओळीत चारदा, ७६ कोटी ओळींत. त्यातही तारखेचा रकाना सगळ्यात हट्टी. वाचून झालेले आकडे एकेकाला आठ बाइट धरून मेमरीत मांडायचे म्हटले, तर चार रकान्यांना २४ जीबी लागतात. माझ्या लॅपटॉपची मेमरी आठ. मग बिचारं यंत्र मेमरीतला माल डिस्कवर नेऊन ठेवतं, लागेल तसा परत आणतं, आणि त्या ने-आणीतच त्याचा दिवस मावळतो.

रात्री मुक्कामी मी त्याच फाइलचा एक लहान तुकडा कापून वाचायला घेतला. शितावरून भाताची परीक्षा करायची, हे आधीच सुचायला हवं होतं. तुकडा चटकन वाचला गेला, पण कुरखेड्यात डिसेंबरमध्ये धो-धो पाऊस दिसायला लागला. तारीख होती '१२/०७'. सॉफ्टवेअरला रकान्याचा प्रकार मी सांगितला नव्हता, म्हणून त्याने स्वतःच अंदाज बांधला, तोही अमेरिकी रिवाजाने: आधी महिना, मग दिवस. बारा जुलैची झड सात डिसेंबरला जाऊन पडली. महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढे तो अंदाज लागूच पडेना, म्हणून त्या तारखा मुकाट्याने कोऱ्या झाल्या.

हळू वाचणारं सॉफ्टवेअर निदान डोळ्यांसमोर रखडतं. पटकन वाचून गुपचूप गाळणारं जास्त घातक. २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण वेळेत मोजले गेले नाहीत, कारण मधल्या टप्प्यात वापरलेल्या एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळच मावत नाही.

सकाळी मी विभागाची मूळ फाइल मिळवली. तिच्यात ना तारीख, ना गावाचं नाव. नुसती आकड्यांची रांग. सोबतच्या माहितीच्या चिठ्ठीत जाळीची सुरुवात दिलेली असते: ६.५ उत्तर, ६६.५ पूर्व. कुरखेड्याजवळचा एक ठिपका आहे २०.५ उत्तर, ८०.२५ पूर्व. दक्षिणेकडून ५६ ओळी सोडायच्या आणि ५७ व्या ओळीत पश्चिमेकडून ५६ वा आकडा घ्यायचा. रोजच्या १७,४१५ मधला ७,६१६ वा आकडा आपला. तारीख, अक्षांश, रेखांश काहीही साठवायची गरज नाही, जागा हाच पत्ता. मात्र ही चिठ्ठी हरवली की फाइल मुकी होते. सीएसव्ही मंद असली तरी अजून पन्नास वर्षांनी कुणीही उघडून वाचू शकेल, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

तरी एक अडचण उरते. मूळ फाइल दिवसवार आहे. आज अख्खा देश, उद्या पुन्हा अख्खा देश. मला हवा होता एक ठिपका, पण सगळ्या दिवसांचा. म्हणजे ४३,८३० उड्या. तलाठ्याच्या दप्तरात हीच गोष्ट दोन वह्यांत असते. फेरफाराची नोंदवही क्रमाने चालते, जसा व्यवहार झाला तशी नोंद. सातबारा गटावर चालतो, एका जमिनीचं सगळं एका ठिकाणी. एका शेताची हकिकत हवी असताना फेरफारांचे गठ्ठे पहिल्या पानापासून वाचत बसणारा जसा दिसेल, तसाच मी त्या बैठकीत दिसत होतो.

म्हणून मी एकदाच त्या उड्या मारून घेतल्या आणि ठिपक्याचा सातबारा तयार केला. १२० वर्षांचा रोजचा पाऊस, १७५ केबी. मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षा लहान. एक्सेलच्या आजच्या दहा लाखांहून जास्त ओळींत तो सहज मावतो. वर एक टीप लिहिली: पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, म्हणून रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या तारखेला सापडेल.

लोक मला विचारतात, जलद सॉफ्टवेअर कोणतं, लॅपटॉप किती मेमरीचा घ्यावा? चांगली साधनं आहेत. आर भाषेतलं एफरीड मजकूर झपाट्याने वाचतं. पार्केसारख्या प्रकारात रकाने वेगवेगळे साठवलेले असतात, म्हणून लागेल तेवढाच उचलता येतो. ती जरूर वापरावीत. पण बहुतेक वेळा उशीर होतो तो प्रश्न ठरायच्या आधीच सगळं घरात ओढून आणण्याच्या हव्यासामुळे. काय विचारायचं आहे ते ठरलं की काय वाचायचं नाही तेही ठरतं.

पुढच्या खेपेला त्याच म्हाताऱ्यांसमोर लॅपटॉप उघडला. बोट कळेवर ठेवलं आणि आलेख समोर आला. त्यांनी चष्मा सावरला.

"आता झालं का जी लगेच? मंग त्या दिवशी का करत होती?"

"सातबारा काढायला सगळ्या तालुक्याचे फेरफार वाचत होती, बाबा."

तलाठ्याकडे जन्मभर हेलपाटे घातलेला माणूस तो. हसला, आणि म्हणाला, "मंग मशीनचा का दोष? पाठवणाऱ्याचा हाय."