गोदी मोकळी करणारी माणसे : मुंबई, १९४४

१/
१४ एप्रिल १९४४ च्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. सुमारे चौदाशे किलोमीटर दूर असलेल्या शिमल्याच्या भूकंपमापक यंत्राने त्यांचा हादरा टिपला. भंडारा जिल्ह्यातील करडी हे गाव मुंबईपासून त्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे. तरीही शिमल्याच्या यंत्राला जे क्षणात कळले, ते करडीसारख्या गावांपर्यंत लवकर पोहोचणे शक्य नव्हते. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ही बातमी जगाला सांगितली. ब्रिटिश सेन्सॉरने मात्र मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत सविस्तर वार्ता बाहेर जाऊ दिली नाही.

२/
स्फोटाची कथा इतिहासप्रेमींना बहुधा ठाऊक असते. त्यानंतरच्या सात महिन्यांची कथा क्वचितच सांगितली जाते. उद्ध्वस्त झालेले बंदर पुन्हा उघडते कसे? ते कोण उघडते? आणि इतिहासाच्या वहीत त्यांची नोंद कोणत्या रकान्यात होते? हा धागा त्या प्रश्नांविषयी आहे.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. ‘फोर्ट स्टिकिन’ हे कॅनडात बांधलेले मालवाहू जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत पोहोचले. त्याच्या पोटात सुमारे १,३९५ टन दारूगोळा आणि स्फोटके होती. त्याखेरीज सुट्या भागांतील लढाऊ विमाने आणि सोन्याच्या १२४ विटा होत्या. कराचीत त्यात कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या, लाकूड, तेलाची पिंपे आणि गंधक यांची भर पडली. आग आणि दारू यांना इतके जवळ आणून ठेवणे कोणत्याही शांततेच्या काळात कुणाला सुचले नसते. युद्धाने ते सर्वमान्य करून टाकले होते.

४/
१४ तारखेच्या दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या तळखणातून धूर येत असल्याचे लक्षात आले. अग्निशामक दलाने शेकडो टन पाणी ओतले, पण आगीचे मूळ हाती लागेना. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडून देण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, अधिक भीषण. कापसाच्या गासड्यांत पडलेले सिगारेटचे थोटूक हे आगीचे संभाव्य कारण असल्याचा निष्कर्ष चौकशीअंती निघाला.

५/
आसपासची दहाहून अधिक जहाजे बुडाली, जळाली किंवा निकामी झाली. ‘जलपद्म’ हे सुमारे चार हजार टनांचे जहाज पाण्यातून उचलले गेले आणि त्याचा मागचा भाग धक्क्यावर जाऊन आदळला. गोदामे कोसळली, क्रेन वितळून वाकल्या, लगतच्या वस्त्या पेटल्या. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले.

६/
बंदर बंद पडणे म्हणजे केवळ जहाजे अडकणे नव्हे. एप्रिल १९४४ मध्ये इम्फाळ आणि कोहिमा येथे लढाई पेटली होती आणि पूर्वेकडील सैन्याच्या रसदीचे एक मोठे दार मुंबई हेच होते. बंगालचा दुष्काळ जेमतेम एक वर्षापूर्वीचा. अशा काळात गोदीच्या आगीत सुमारे पन्नास हजार टन धान्य नष्ट झाले आणि त्यात तांदूळही होता. करडीच्या धानपट्ट्यातील शेतकऱ्याला जहाजांचे टनभार कदाचित समजले नसते. पन्नास हजार टन धान्य जळाले म्हणजे काय झाले, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागले नसते.

७/
उद्ध्वस्त बंदर मोकळे करण्याच्या कामाला एक ठरलेला क्रम असतो. पहिले काम शोधाचे. पाण्याखाली काय पडले आहे हे ठाऊक नसताना आत येणारे जहाज बुडालेल्या जहाजावर आपटू शकते. म्हणून प्रथम खोली मोजली जाते, दोन होड्यांमध्ये तार ताणून तळ झाडला जातो आणि तार अडेल तिथे पाणबुड्या उतरतो. गोदीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग फारसा होत नाही. पाणबुड्या हातांनी चाचपतो आणि वर येऊन तळाचे चित्र शब्दांत उभे करतो.

८/
दुसरे काम मार्गाचे. सगळे अवशेष एकदम निघत नाहीत. म्हणून आधी एक अरुंद वाट आणि एखादा धक्का मोकळा केला जातो. बुडालेल्या जहाजाची भोके बुजवून आतील पाणी उपसले तर ते कधीकधी स्वतःच तरंगते. ते शक्य नसेल तर ओहोटीच्या वेळी त्याला तराफे घट्ट बांधतात. भरतीचे पाणी तराफे उचलते आणि तराफे जहाज उचलतात. यांपैकी काहीही न जमल्यास पाण्याखालीच लोखंड कापून तुकडे बाहेर काढावे लागतात.

९/
मुंबईत या दोन्ही कामांवर तिसऱ्या धोक्याची छाया होती. स्फोटाने सगळाच दारूगोळा संपवला नव्हता. न फुटलेले तोफगोळे गाळात आणि ढिगाऱ्यात विखुरले होते. त्यामुळे पहारीचा प्रत्येक घाव जपून घालावा लागे.

१०/
व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन्ही गोदी पुन्हा कामास लावण्यासाठी सुमारे ८,००० माणसे सात महिने राबली. त्यांनी सुमारे ५,००,००० टन ढिगारा हलवला. गणित केले तर माणशी बासष्ट टनांहून अधिक भरते. सुटी न धरता रोजचा हिशेब मांडला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला सुमारे तीनशे किलो दगड, लोखंड आणि राख येते. अनेक संदर्भग्रंथांत हे सारे श्रम एकाच वाक्यात आटोपलेले असतात.

११/
आता सोन्याकडे पाहू. ३१ पेट्या, प्रत्येकीत चार विटा, प्रत्येक वीट सुमारे १२.७ किलोची. स्फोटाने त्या आकाशात भिरकावल्या. एक वीट मैलभर दूर राहणाऱ्या एका पारशी गृहस्थांच्या घराचे छत फोडून आत पडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे सरकारजमा केली. गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या. १९७० च्या दशकातही त्या सापडल्याच्या नोंदी आहेत. किती विटा होत्या, किती मिळाल्या आणि किती उरल्या, याचा हिशेब कित्येक दशके कुणीतरी ठेवत होते.

१२/
माणसांचा हिशेब मात्र तसा लागत नाही. मृतांचे अंदाज सुमारे आठशेपासून तेराशेपर्यंत जातात. पाचशे माणसांचा हा फरक आहे. एकशे चोवीस विटांतील एकेका विटेचा माग काढणाऱ्या व्यवस्थेला पाचशे माणसे होती की नव्हती, हे निश्चित सांगता आले नाही.

१३/
यामागे केवळ अनास्था पाहणे सोपे आहे, पण रचना समजून घेणे अधिक उपयोगी ठरेल. त्या काळातील गोदी कामगार बहुतांशी रोजंदारीवर असे. जहाज लागले की मुकादम टोळी गोळा करी आणि काम संपले की टोळी पांगे. आज आत कोण होते, याची एकत्रित यादी अशा व्यवस्थेत तयारच होत नाही. गोदी कामगारांच्या नियमित नोंदणीला आणि रोजगाराला कायद्याचा आधार मिळाला तो १९४८ मध्ये, गोदी कामगार (रोजगार नियमन) कायद्याने. सोन्याच्या पेट्यांना क्रमांक होते. माणसांना क्रमांक मिळायला आणखी चार वर्षे जायची होती. ढिगारा उपसणाऱ्या आठ हजारांची नावे सहजी का सापडत नाहीत, त्याचेही उत्तर बहुधा इथेच आहे.

१४/
याला एक सन्मान्य अपवाद आहे. आग विझवताना मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. ते हजेरीपटावर होते म्हणून त्यांची संख्या नेमकी ठाऊक आहे, आणि संख्या ठाऊक आहे म्हणून त्यांची आठवण टिकली. स्मरणाची सुरुवात पुष्कळदा एखाद्या साध्या हजेरीपटापासून होते.

१५/
मुंबईचा विध्वंस मानवनिर्मित होता, परंतु निसर्गाने बंदर मोडले तरी कामाचा क्रम फारसा बदलत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारतीय नौदलाने श्रीलंकेत मदत नेली, तेव्हा ताफ्यात सर्वेक्षण नौकाही होत्या. बदललेला तळ मोजल्याशिवाय मदतीची जहाजे धक्क्याला लागू शकत नाहीत. जानेवारी २०१० च्या भूकंपात हैतीच्या पोर्ट-ओ-प्रिन्स बंदरातील धक्के कोसळले आणि अन्नपाणी समुद्रमार्गे उतरवणेच अवघड झाले. तिथेही आधी पाण्याखाली गेले ते अमेरिकी लष्कराचे आणि नौदलाचे पाणबुडे. अशा वेळी छायाचित्रांत अन्नाची पोती दिसतात. ती ज्या वाटेने आली, ती वाट मोकळी करणारे हात सहसा चौकटीबाहेर राहतात.

१६/
ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबई बंदरात सुमारे ४५ किलो वजनाचा एक जिवंत तोफगोळा सापडला आणि तो निकामी करण्यासाठी नौदलाला यावे लागले. म्हणजे १९४४ मध्ये सुरू झालेली सफाई सदुसष्ट वर्षांनंतरही पूर्ण झालेली नव्हती.

१७/
पुढे १८८० सालची प्रिन्सेस आणि १८८८ सालची व्हिक्टोरिया या दोन्ही गोदी कंटेनर ठेवण्याच्या जागेसाठी भरून टाकण्यात आल्या. आठ हजार माणसांनी सात महिने खपून जे पाणी मोकळे केले होते, त्यावर आता जमीन आहे. त्यांचे वेगळे स्मारक उभारायचे ठरवले तर कोरायला नावे मिळणार नाहीत. कोरता येईल तो एकच आकडा: पाच लाख टन. त्यातला प्रत्येक टन कुणीतरी उचलला होता.