मागचं चाक समुद्रात

व्हाइटहेवनच्या बंदरात सायकलचं मागचं चाक आयरिश समुद्राच्या पाण्यात भिजवायचं आणि उत्तर इंग्लंड आडवं पार करून पुढचं चाक पलीकडे उत्तर समुद्रात, असा या वाटेचा रिवाज आहे. अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. 1994पासून लोक ही वाट तुडवताहेत, आणि त्यातले कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी निधी गोळा करत जातात. माझी लेक, जावई आणि नात निघाले ते मुलांच्या हॉस्पिससाठी. मी मागून व्हॅनमध्ये. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चहाचा थर्मास. गाडी चालवायला त्यांचे शेजारी, निवृत्त बसचालक. नातीचं ऐकून तेही मला ‘आजी’ म्हणत. वयानं माझ्यापेक्षा मोठेच असतील.

नातवाला बॅटन नावाचा आजार होता. पेशींमधला टाकाऊ माल निचरून जात नाही, साचत राहतो, आणि मेंदू हळूहळू निकामी होतो. बागेत फुलपाखरांमागे पळणारं पोर. आधी फिट्स आल्या, मग तोल गेला, मग बोलणं, मग नजर. पुढे अन्नही पोटात बसवलेल्या नळीतून. रात्री पंप कधी टींटीं करील याचा नेम नसायचा. लेक आणि जावई पाळीपाळीनं जागत. दोघं एकाच वेळी झोपलेत, असं मी त्या घरात पाहिलं नव्हतं.

हॉस्पिसचं नाव निघालं तेव्हा आमच्या सांगलीत कुजबुज झाली, पोराला मरायला कुठेतरी टाकताहेत म्हणून. लोकांना काय सांगणार? मुलांचं हॉस्पिस मुळात सुरू झालं तेच आईबापांना विसावा मिळावा म्हणून. ऑक्सफर्डला सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका या जोगिणीची, ती नर्सही होती, मेंदूत गाठ झालेल्या हेलन नावाच्या चिमुरडीच्या घरच्यांशी ओळख झाली. आईबापांना श्वास घेता यावा म्हणून ती मुलीला अधूनमधून आपल्या मठात ठेवून घेई. त्यातूनच 1982 साली हेलन हाउस उभं राहिलं, जगातलं मुलांचं पहिलं हॉस्पिस. आमचा नातू जिथे जायचा ते यॉर्कशायरमधलं हॉस्पिसही त्याच वळणावर चालतं. बरीचशी मुलं तिथे चार दिवस राहतात नि घरी परततात.

पहिल्या दिवशी नर्स मोठी वही घेऊन बसली. कुठल्या कुशीवर झोपतो, रडला तर काय करता, काय आवडतं. लेक म्हणाली, आजीच्या बांगड्यांचा आवाज. तेही तिनं लिहून घेतलं. कामावर हातात बांगड्या घालायला त्यांना मनाई, म्हणून तिनं माझ्याकडून दोन मागून घेतल्या, बँडेजच्या पट्टीनं एकत्र बांधल्या आणि त्याच्या उशाशी अडकवल्या. रात्री तो कण्हला की ती त्या हलवी. त्या रात्री वरच्या मजल्यावर लेक आणि जावई दोघंही झोपले. सकाळी न्याहारीची वेळ टळली तरी कुणी दार ठोठावलं नाही.

नातीकडे बघायला तिथे वेगळी ताई होती. आम्हा कुणाला कधी न बोललेलं ती पोर त्या ताईला बोलली: दादाचा आजार मलाही होईल का? आनुवंशिक आजार, भीती खोटी नव्हती. तिची तपासणी आधीच झाली होती, ती सुटली होती. पण हे तिला नीट बसवून सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आणि शेवटचं. आपल्याकडे माणूस गेलं की काही तासांत सगळं आटोपतं. तिथे दाखला, नोंदणी, दहनगृहाची तारीख यांत आठवडा सहज उलटतो. हॉस्पिसमध्ये त्यासाठी एक गार ठेवलेली खोली असते, मुलांच्या खोलीसारखीच. नातू गेला तेव्हा तो तिथे आपल्याच गोधडीत होता. तिथल्या एका बाईंनी विचारलं, तुमच्यात काय करतात? मी तुळशीचं पान म्हटलं. इतक्या थंडीत तुळस कुठली? संध्याकाळपर्यंत त्यांनी कुणाकडून तरी कुंडी पैदा केली. नात खोलीत जाई, चित्र काढी, कंटाळली की बाहेर येई. मला आधी ते सोसवेना. तिसऱ्या दिवशी मीही जाऊन बसू लागले, नि पोटभर बोलून घेतलं.

या सगळ्याची एक पेनीही आम्ही दिली नाही. घेतच नाहीत. सरकारकडून मिळतं ते थोडं. बाकी खर्च देणग्यांवर, जुने कपडे विकणाऱ्या त्यांच्या दुकानांवर, कुणी केक विकून, कुणी मॅरेथॉन धावून जमवलेल्या पैशांवर. आमच्या त्या झोपेच्या रात्रीचे पैसे कुणी भरले हे कधीच कळायचं नाही. आभार मानायला नाव नाही, पत्ता नाही. जावयाला हेच खुपत होतं. तो हिशेबनीस. एका संध्याकाळी त्यानं माळ्यावरची सायकल काढली.

हार्टसाइडचा चढ 580 मीटर उंचीपर्यंत जातो. माथ्यावरचं कॅफे 2018मध्ये जळालं, त्यामुळे आम्ही व्हॅनमध्येच चहा घेऊन थांबलो होतो. वारा असा की दार उघडवेना. लेक आणि जावई धापा टाकत आले. नात सायकल ढकलत, तोंड फुगवून. पुढे ब्लॅक हिल याहून उंच आहे, हे बापानं लपवल्याचं तिला तिथेच कळलं होतं. दशमीला हात लावायला तयार नाही. ती बसचालकांनी खाल्ली, चटणीसकट, आणि घाम पुसत आणखी एक मागितली. ते बघून पोरगी हसली आणि परत सायकलवर बसली. कॉन्सेटकडे जुन्या रेल्वेमार्गाचा लांबलचक उतार आहे. तो सगळा तिनं आरडत-ओरडत पार केला.

टाइनमाउथला पुढची चाकं भिजली. ठरवल्यापेक्षा रक्कम जास्त जमली होती. शिवाय करदात्यानं दिलेल्या प्रत्येक पौंडावर तिथलं सरकार संस्थेला 25 पेन्स वर देतं.

सांगलीत माझ्या भिशीतल्या बायकांनीही पैसे काढले होते. एकीनं स्पष्ट विचारलं, साहेबाच्या देशाला आपण का द्यायचे? प्रश्न रास्त होता. वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, 1986पासून शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना मोफत सांभाळतात. पैसे तिथे पाठवले. पावतीचा फोटो लेकीला धाडला. तासाभरात जावयाचा फोन: “आई, यावर तिकडचं सरकार किती घालतं?”