घंगाळ आणि व्याख्या

शिक्षकाच्या धंद्यांत एक मोठी सोय आहे. ज्या प्रश्नाचें उत्तर आपणांस नीटसें ठाऊक नसतें, तोच प्रश्न विद्यार्थ्यांपुढें टाकून तास साजरा करतां येतो. 'कला म्हणजे काय?' हा असाच एक प्रश्न. गेलीं सव्वीस वर्षें आम्ही तो वर्षारंभीं फळ्यावर लिहीत आलों आहों, आणि परीक्षा जवळ आली म्हणजे तो तसाच अर्धवट टाकून टिपणें सांगावयास लागत आलों आहों. यांत आम्हांला फारसा संकोच कधीं वाटला नव्हता. गेल्या दिवाळींत मात्र एका घरीं फराळाला गेलों असतां तो प्रश्न आमच्यावरच उलटला.

घर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें. दिवाणखान्यांतील कोनाड्यांत वरून दिवा सोडलेला, आणि त्याच्या उजेडांत तांब्याचें एक घंगाळ. घंगाळांत पाणी व पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या. "सर, हा आमचा आर्ट पीस," गृहिणी कौतुकानें म्हणाल्या. आम्हीं चिवड्याची बशी खालीं ठेवली आणि त्या घंगाळाच्या पोटावरून बोट फिरविलें. ही आमची जन्माची खोड. आमचे वडील तांबट होते.

पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत आमचें लहानपण गेलें. तेथें हातोड्यांचा नाद इतका अखंड चाले कीं, दुपारीं निजलेल्या आम्हां मुलांना तो थांबला म्हणजे जाग येई. पत्र्याला ठोकून आकार आला, तापवून तो मऊ केला, चिंचेनें उजळला, कीं मग नाना मठाराला बसत. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनें एकाशेजारीं एक, ओळीनें, भांड्याच्या पोटापासून कांठापर्यंत ठोके घालीत जावयाचें. या ठोक्यांनीं मऊ पत्रा कणखर होतो, आणि त्याच ठोक्यांनीं प्रत्येक खळग्यांत उजेडाचा एकेक कण बसतो. यांतला कोणता ठोका उपयोगासाठीं आणि कोणता शोभेसाठीं, हें नानांना विचारलें असतें तर त्यांना प्रश्नच समजला नसता.

दुसऱ्या कोणाच्या हातचें भांडें दुरुस्तीला आलें, तर नाना तें मांडीवर घेऊन हळूहळू फिरवीत आणि पुटपुटत, "येथें याचें लक्ष उडालेलें दिसतें. येथें पुन्हा बसलें. हा डावखुरा असावा." आम्हांला वाटे, नाना भांडें तपासताहेत. ते तें वाचीत होते, हें कळावयास आम्हांला पन्नाशी उलटावी लागली.

आतां आमच्या अपराधाकडे वळूं. अठरा-वीस वर्षांपूर्वीं एका व्याख्यानमालेंत आम्हांला कलेच्या व्याख्येवर बोलावयाचें होतें. त्या दिवसांत कॉलिंगवुड या इंग्रज तत्त्वज्ञाचा १९३८ सालचा कलातत्त्वांवरील ग्रंथ आमच्या डोक्यांत भिनला होता. कारागिराला काय करावयाचें तें करण्यापूर्वींच ठाऊक असतें. योजना आधीं, कृति मागून. कलावंताचें तसें नसतें. त्याच्या मनांत एक अस्पष्ट भावना असते आणि ती काय आहे हें व्यक्त करतां करतांच त्याला उमगतें. हा भेद श्रोत्यांस पटावा म्हणून आम्हीं उदाहरण दिलें तें घंगाळाचें! "तांबटाला पहिला ठोका घालण्यापूर्वींच शेवटचें घंगाळ दिसत असतें, म्हणून घंगाळ ही कारागिरी, कला नव्हे." सभागृहांत माना डोलल्या. शेवटच्या रांगेंत, धुतलेली टोपी घालून, नाना बसले होते.

परत येतांना लकडी पुलापर्यंत ते कांहीं बोलले नाहींत. पुलावर आल्यावर म्हणाले, "घंगाळ कसें होणार तें आधीं ठाऊक असतें, म्हणालास. मला तर कांठ बांधीपर्यंत ठाऊक नसतें रे."

"नाना, तो तात्त्विक मुद्दा आहे," आम्हीं म्हटलें.

"असेल," ते म्हणाले.

त्यानंतर ते आमच्या व्याख्यानाला कधीं आले नाहींत. रागावले म्हणावें तर तसेंहि नाहीं. पुढें सात वर्षांनीं ते वारले. आमचा सिद्धान्त ज्या एका साक्षीदाराच्या जबानीनें तपासून घेतां आला असता, तो आपण होऊन जबानी देत होता, आणि आम्हीं त्याला 'तात्त्विक' या एका शब्दानें गप्प बसविलें होतें.

या ठिकाणीं एका खऱ्या खटल्याची आठवण होते. १९२६ सालीं ब्रांकुशी या रुमानियन शिल्पकाराची 'अवकाशांतील पक्षी' ही कांस्याची कृति फ्रान्समधून अमेरिकेंत उतरली. तिला ना पंख, ना चोंच, ना पिसें. वर निमुळता होत गेलेला एक लखलखीत, उंच आकार तेवढा. कलाकृतीला जकात माफ होती. परंतु जकातवाल्यांनीं हा पक्षी स्वयंपाकाचीं भांडीं व इस्पितळांतील सामान यांच्या सदरांत घातला आणि किंमतीच्या शेंकडा ४० जकात मागितली. खटला उभा राहिला. हा रानांत दिसला तर याच्यावर बंदूक रोखाल काय, असाहि प्रश्न साक्षीदाराला न्यायालयांत विचारला गेला. ओतकाम झाल्यावर घासून झिलई दिली ती कोणाच्या हातानें, याचीहि चौकशी झाली. १९२८ सालीं निकाल लागला. पक्ष्याशीं साम्य शोधणें जड जात असलें तरी वस्तु डोळ्यांस सुख देणारी आहे, ती एका व्यवसायी शिल्पकाराची मूळ निर्मिति आहे, म्हणून ती कलाच, असें न्यायाधीशांनीं ठरविलें.

हा निकाल आम्ही वर्गांत मोठ्या उत्साहानें सांगत असूं. मात्र त्या कायद्यांतील एक कलम आम्ही भरभर वाचून पुढें जात असूं: उपयोगाची वस्तु 'शिल्प' या शब्दांत धरावयाची नाहीं. म्हणजे जो कायदा पक्ष्याला भांड्यांच्या सदरांतून सोडवितो, तोच नानांच्या घंगाळाला त्या सदरांत कायमचा डांबून ठेवितो. आणि त्याचें कारण घंगाळ वाईट आहे हें नव्हे, तर त्यांत आंघोळीचें पाणी राहतें हें!

जकातवाल्याला रेघ कोठें तरी ओढावीच लागते. त्याला दोष देऊं नये. पण आपण तीच रेघ मनांत घेऊन फिरतों, आणि ती अनादि आहे असें समजतों. वस्तुतः काव्य, चित्र, शिल्प, संगीत आणि नृत्य यांना एका तत्त्वाखालीं 'ललितकला' म्हणून एकत्र बांधणारा बातो या फ्रेंच लेखकाचा ग्रंथ १७४६ सालचा. आपल्याकडे कामसूत्रांतील चौसष्ट कलांच्या यादींत गायनवादनाबरोबर पाकक्रिया आहे, सुतारकाम आहे, धातुवादहि आहे. त्या यादीनें घंगाळाला हांकलून दिलें नसतें.

अलीकडच्या तत्त्वज्ञांनींहि ही रेघ बरीच पुसट केली आहे. मॉरिस वाइट्झ यानें १९५६ सालीं म्हटलें कीं, कलेची कायमची व्याख्या शक्यच नाहीं. कारण नवी कृति जन्मते तेव्हां ती जुन्या व्याख्येला मोडूनच जन्मते. १९६४ सालीं वॉरहॉलनें साबणाच्या खोक्यांसारखीं हुबेहूब लांकडी खोकीं न्यूयॉर्कमध्यें मांडलीं. तीं पाहून आर्थर डँटो यानें असा विचार मांडला कीं, कला आणि खोकें यांतला भेद नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. त्यासाठीं कलेचा इतिहास आणि विचार यांचें वातावरण भोंवतीं असावें लागतें. जॉर्ज डिकी यानें त्या वातावरणाची संस्थाच बनविली: कलाजगतानें रसास्वादासाठीं पुढें केली ती कलाकृति. या शेवटच्या मतानुसार कोनाड्यांतलें तें घंगाळ जवळजवळ कलापदाला पोहोंचलें, म्हणावयाचें. त्याला जागा मिळाली, दिवा मिळाला, नांवहि मिळालें.

पण आमचें बोट त्याच्या पोटावरून फिरलें तेव्हां सगळे खळगे सारखे लागले. एकहि ओळ कोठें चळलेली नव्हती. तो यंत्राचा छाप होता. आम्हीं "छान आहे" म्हटलें, आणि तें खोटेंहि नव्हतें. फक्त त्यांत वाचण्यासारखें कांहीं नव्हतें.

'कला' हा शब्द आपण दोन कामांसाठीं वापरतों. एका वेळीं तो वस्तूचें सदर सांगतो, दुसऱ्या वेळीं तिचा मान सांगतो. आमचा घोटाळा असा झाला कीं, नानांच्या कामाचें सदर ठरवितांना आम्हीं त्याचा मानहि ठरवून टाकला, आणि तोहि तें काम न पाहतां. सदर दुरून ठरवितां येतें. मान ठरवावयास वस्तु मांडीवर घ्यावी लागते.

अर्थ लावण्याच्या बाबतींतहि आम्ही वर्गांत मोठा वाद घालतों. विम्सॅट आणि बीअर्डस्ली यांनीं १९४६ सालीं बजावलें कीं, कवीचा हेतु कृतीच्या बाहेर शोधूं नका. तो मिळण्यासारखा नसतो, आणि मिळाला तरी कृतीचें मोल त्यानें ठरत नाहीं. नानांनीं तें नांव कधीं ऐकलें नव्हतें. तरी पण अनोळखी तांबटाचा हात ते त्याच्या ठोक्यांवरून ओळखीत. त्याला पत्र लिहून 'तुझा हेतु काय?' असें विचारीत नसत. मात्र त्या ठोक्यांमागें एक माणूस आहे, हेंहि ते विसरत नसत.

दिवाळीनंतर आम्हीं माळ्यावरून नानांचें एक घंगाळ काढलें आणि कॉलिंगवुडहि पुन्हा काढला. ग्रंथांत आरंभींच लिहिलें आहे कीं, एखादी इमारत किंवा पेला ही कारागिरीची वस्तु असून शिवाय कलाकृतीहि असूं शकते. तिला कलाकृति करणारें कारण तेवढें वेगळें असतें. हें वाक्य व्याख्यानापूर्वींहि तेथेंच होतें. आम्हीं तें वाचलें होतें आणि सोयीसाठीं ओलांडलें होतें.

घंगाळावर, कांठाच्या खालीं चार बोटें, ठोके एकाएकीं दाट झाले आहेत आणि पुढें पुन्हा सैल. तेथें नानांचें लक्ष उडालें होतें, कीं तेथेंच त्यांना कांहीं सुचलें होतें? ठोके पाहून दोन्ही म्हणतां येतें. लकडी पुलावर विचारलें असतें, तर कदाचित् त्यांनीं सांगितलें असतें. कदाचित् हंसून "बघ कीं" म्हटलें असतें.

येत्या वर्षारंभीं पहिल्या तासाला तें घंगाळ वर्गांत नेण्याचा बेत आहे. मुलांनीं तें हातांत घ्यावें, फिरवावें, काय दिसतें तें सांगावें. व्याख्या शेवटीं, वेळ उरलाच तर.