पाखरांची ओळख

स्वयंपाकघरात ती इवली पाखरं उडू लागली की आपण सगळ्यांना सरसकट "तांदळातली पाखरं" म्हणून मोकळे होतो. मग ठपका येतो तांदळावर, आणि तो पाठवणाऱ्यावर. आमच्या लालबाग-परळच्या कितीतरी घरांत तांदूळ अजून कोकणातून, गावच्या घरून येतो. त्याला नावं ठेवणं म्हणजे माणसाला नावं ठेवणं.

गेल्या वर्षी माझ्या भावजयीचा तांदूळ आला आणि पंधरा दिवसांत पाखरं दिसू लागली. सूनबाई म्हणाली, "आई, मामींना सांगा, पुढच्या वर्षी नका पाठवू." म्हटलं, थांब, आधी पंख तर बघू. एक पाखरू पेल्याखाली धरलं आणि भिंग काढलं.

ही पाखरं मुख्यतः तीन. तांदळातला पतंग, म्हणजे कॉर्सायरा, राखाडी-बदामी असतो. नक्षी जवळजवळ नाहीच, फक्त पंखांवरच्या शिरा किंचित गडद. दुसरा सिटोट्रोगा. तो लहान, वाळल्या गवताच्या रंगाचा. त्याच्या मागच्या पंखाचं टोक बोटासारखं निमुळतं आणि कडेला लांब झालर. त्याची अळी भात, मका, ज्वारीच्या अख्ख्या दाण्यात शिरून वाढते. तिसरा इंडियन मील मॉथ. मिटलेल्या पंखांचा डोक्याकडचा भाग फिका आणि पुढचा तांब्यासारखा. यातलं 'इंडियन' आपलं नव्हे बरं का! १८५६ साली अमेरिकेत एसा फिच यांनी हे नाव दिलं. तिकडे मक्याच्या पिठाला 'इंडियन मील' म्हणत.

आमचं पाखरू निघालं दुरंगी, तांबूस. हा तांदळातही होतो, पण सुका मेवा त्याला फार आवडतो. एकेक डबा उघडला. तांदूळ स्वच्छ! जाळी सापडली ती वाण्याकडून आणलेल्या बदाम-मनुकांच्या पिशवीत. सूनबाई हसली आणि पिशवी कचऱ्यात गेली.

पंखांवरचे हे रंग म्हणजे बारीक बारीक खवले. चिमटीत धरलं की भुकटी होऊन बोटाला लागतात आणि पाखराची ओळखच पुसली जाते. पंख झिजलेला पतंग तर जाणकारांनाही नुसता बघून सांगता येत नाही, त्याचे आतले अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. तेव्हा झाडू उचलण्याआधी पेला उपडा घालावा. दोन मिनिटं नीट बघितलं तर नाहक कुणावर आळ येत नाही.