आधी मुंढा बघा

रेडीमेड कुर्ता घेताना बायका आधी रंग बघतात, मग किमतीची चिठ्ठी, मग आरशात पोट. मुंढा कोणी बघत नाही. आणि माझ्याकडे आल्टरेशनला येऊन "याचं काही होणार नाही" असं ऐकून परत जाणारे कपडे बहुतेक मुंढ्यापायीच परत जातात.

मुंढा म्हणजे बाही अंगाला जोडलेली असते तो गोल. एकच माप दहा अंगांना चालावं म्हणून रेडीमेडवाले तो खोल ठेवतात. सरळ उभं राहिलं की ऐसपैस वाटतं. पण हात वर केला की बाहीबरोबर अख्खा कुर्ता वर चढतो. उलट मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात मोकळा फिरतो आणि कुर्ता जागचा हलत नाही. पटत नाही ना? मग ट्रायल रूममध्ये बसची दांडी धरल्यासारखा हात वर करा आणि कुर्त्याची खालची कड किती वर जाते ते बघा. जुन्या सदऱ्यांना काखेत चौकोनी तुकडा लावत, चौबगला. शेतात, माळ्यावर, विहिरीवर दिवसभर हात वर करणाऱ्यांचे कपडे होते ते.

खोल मुंढा वर घेता येत नाही, कारण तिथलं कापड कापून गेलेलं असतं. खांदा उतरलेला असेल तर बाही काढून सगळं नव्याने बेतावं लागतं. तेवढ्या मजुरीत दुसरा कुर्ता शिवून होईल. बाकीचं सोपं आहे. उंची कमी करणं, कडेने आत घेणं, बाही आखूड करणं ही अर्ध्या तासाची कामं. सैल करून हवं असेल तर मात्र दुकानातच कपडा उलटा करून शिवणीत माया किती आहे ते बघा. हल्ली शिवण ओव्हरलॉक करून जेमतेम पाव इंच ठेवतात. त्यातून काय सोडणार, कपाळ?

मापाच्या चिठ्ठीवर तर विश्वासच नको. एका कंपनीचा मीडियम दुसरीकडे लार्ज होतो, कारण भारतीय अंगाचं स्वतःचं असं मापकोष्टक इतकी वर्षं नव्हतंच. 'निफ्ट'ने त्यासाठी सहा शहरांत २५ हजार लोकांची मापं स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यातली मापं दुकानांच्या चिठ्ठ्यांवर येतील तेव्हा येतील. तोवर पर्समध्ये टेप ठेवा.

कापड घेऊन शिवणाऱ्यांची गाडी वेगळ्या जागी अडते. सध्या खणाचं वेड आहे. गुळेदगुड्डचा खण मुळात चोळीचा, त्यामुळे पन्हा अरुंद. ४४ इंची कापडाच्या हिशोबाने अडीच मीटर आणायचं आणि मग "काकू, बसवा ना कसंतरी" म्हणायचं, हे रोजचं. सुती कापड तर पाण्यातून काढल्याशिवाय मी कात्री लावत नाही. शेकडा चारने आटलं तरी ४४ इंच उंचीचा कुर्ता पावणेदोन इंचांनी आखूड होतो.

आता स्टाइल. माझ्या एक गिऱ्हाईक बाई बँकेतून निवृत्त झाल्या आणि म्हणाल्या, मला माझी अशी काही स्टाइलच नाही. मी म्हटलं, धुऊन धुऊन विरलेले, तरी टाकवत नाहीत असे कुर्ते घेऊन या. पाच कुर्ते टेबलावर पसरले. रंग पाच तऱ्हांचे, पण पाचही बिनकॉलरचे, पुढे छोटी चीर, बाही कोपराच्या चार बोटं खाली, घेर बेताचा आणि दोन्ही बाजूंना खिसे. उरलेलं कपाट मैत्रिणींच्या आग्रहाने, सेलमध्ये आणि मालिकांमध्ये बघून भरलेलं होतं. त्यातला सगळ्यात जुना कुर्ता मी उसवला, कागदावर ठेवून आखून घेतला आणि मुंढा तेवढा अर्धा इंच वर घेतला. आता त्या मंगळगिरी आणोत नाहीतर इरकल, बेत तोच. लग्नालाही तोच, टसरमध्ये. ओळखीचे लोक पाठमोऱ्या बघूनही त्यांना हाक मारतात.

फॅशन डिझायनर मंडळी याला 'सिग्नेचर' म्हणतील आणि वेगळे पैसे लावतील. मी खिशाचे लावते. कुर्त्याला खिसा म्हणजे चार तुकडे जास्त आणि शिवणही जपून घालावी लागते. बाजारातल्या बायकांच्या कपड्यांत तो नसतो तो याच चार तुकड्यांच्या काटकसरीमुळे.

हा अंक हातात येईल तेव्हा दिवाळीच्या ऑर्डरी केव्हाच बंद झालेल्या असतील, तेव्हा फोन करू नका. संक्रांतीच्या काळ्या साडीवरचं ब्लाऊज मात्र डिसेंबर लागायच्या आत टाका. काळ्यावर काळी शिवण रात्रीच्या दिव्यात दिसत नाही. ते काम मी दिवसाउजेडीच करते आणि थंडीत दिवस लहान असतो.