नाव सांग की!

पुस्तकांना नावं ठेवण्यापूर्वी लेखकांनी वाचनालयाच्या खिडकीचा थोडा विचार करावा. १९५६ साली, मलकापूर आणि शेगाव यांच्या मधल्या आमच्या नांदुऱ्यात, वयाच्या बाराव्या वर्षी मला हे पटलं. आत्यानं कादंबरी आणायला पिटाळलं होतं.

"काय हवं रे?"

"पण लक्षात कोण घेतो?"

"मी घेतो ना! तू नाव सांग की."

"पण लक्षात कोण घेतो!"

मागं उभ्या असलेल्या मास्तरांनी खुलासा केला म्हणून माझा कान शाबूत राहिला.

खरी गोम हरिभाऊ आपट्यांनीच करून ठेवलेली. हे नाव म्हणजे प्रश्न की उत्तर? यमू कळवळून विचारतेय, की आपण हात झटकून सांगतोय? 'कोण'वर जोर दिला तर हाक, 'लक्षात'वर दिला तर टोमणा. त्यात ही कहाणी क्रमशः छापली कुठं, तर १८९० साली त्यांनीच काढलेल्या 'करमणूक' साप्ताहिकात! दुर्गीचा नवरा वाईट. यमूचा रघुनाथ तिला शिकवणारा. दोघींकडे आळीपाळीनं पाहत आपण यमूला भाग्यवान ठरवतो आणि तिथंच फसतो. एक माणूस गेला की ते भाग्यही गेलं.

हे शहाणपण अर्थात नंतरचं. तेव्हा मी फक्त वाचून दाखवायचा धनी. आत्याला अक्षरओळख नव्हती. छोट्या यमूच्या गमती ऐकून ती तोंडाला पदर लावून हसायची. यमूचा मुंबईतला संसार तर तिनं दोनदा वाचायला लावला.

मग शंकरमामंजींनी यमूचं केशवपन करवलं. माझा आवाज अडखळला. आत्यानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तिचं ते लाल आलवण मी जन्मापासून पाहत होतो. आत्या म्हणजे आलवण, इतकं सोपं. ते तिला कधीतरी कुणीतरी नेसवलं असेल, हे मनातही आलं नव्हतं. पाहिलं होतं, लक्षात घेतलं नव्हतं.

"मिटव पुस्तक," ती म्हणाली. "नाव मात्र नेमकं ठेवलंय हो. पण लक्षात कोण घेतो?"

तिनं नाव सांगितलं की विचारलं, मला कळेना. खिडकीतल्या गृहस्थांना चटकन सुचलेलं उत्तर माझ्या ओठांवर काही आलं नाही.

मी म्हणालो, "उद्या परत करू का?"